बांधकामावरचा धोका : आधी सांगा, मग चढा

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दवाखान्यासमोर टेंपो थांबला. दोघांनी एका पस्तिशीच्या गवंड्याला हातापायांना धरून उचलून आत आणले. गिलावा करताना परांचीची फळी निसटली आणि तो पंधरा फुटांवरून पाठीवर पडला होता. त्याचे पाय हलत नव्हते. पुण्याला पाठवल्यावर मणका मोडल्याचे निदान झाले. बरोबर आलेला बिगारी हळूच म्हणाला, "डॉक्टर, ती फळी दोन दिवसांपासनं हलत व्हती. पण सांगायचं कुणाला?"

आजचा लेख या प्रश्नासाठी आहे.

वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखानदारीबरोबर घरे, चाळी, गाळे यांची कामे वाढली. कामे वाढली तसे धोकेही वाढले. आपल्याच जिल्ह्यातील घटना आठवून पाहा. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी येरवड्यात लोखंडी सळ्यांची जाळी कोसळून ५ मजूर दगावले. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीच्या रिंगचे काम चालू असताना ४ मजूर मातीखाली गाडले गेले.

एक घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड टन भरते. एवढे ओझे छातीवर आले की छाती फुलू शकत नाही. डोके बाहेर असले तरी माणूस काही मिनिटांत गुदमरतो. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून खरा उपचार अपघाताच्या आधीच करावा लागतो.

रोज सकाळची दहा मिनिटे

काम सुरू होण्यापूर्वी मालक किंवा मुकादमाने एका अनुभवी गवंड्याला बरोबर घेऊन फेरी मारावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) परांचीच्या फळ्या, दोर व गाठी घट्ट आहेत का? कडेला कठडा आहे का?
२) सेंट्रिंगचे टेकू सरळ व पक्क्या जमिनीवर आहेत का? इंजिनिअरला विचारल्याशिवाय टेकू काढू नयेत.
३) चर पाच फुटांपेक्षा खोल असेल तर कडांना आधार दिला आहे का? उपसलेली माती कडेपासून लांब टाकली आहे का? पाऊस झाल्यावर ही तपासणी पुन्हा करावी.
४) वायर उघडी किंवा पाण्यात पडलेली नाही ना? सळई उचलताना वरच्या विजेच्या तारेला लागणार नाही ना?
५) जिना व डक्टची भोके झाकली आहेत का? सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का?
६) बंदिस्त टाकीत सेंट्रिंग काढायला कोणी एकदम उतरू नये. नव्या टाकीतसुद्धा ओले लाकूड कुजून प्राणवायू कमी झालेला असतो. एक जण बेशुद्ध पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघेही जातात.

सांगणाऱ्याला रागावू नका

धोका सर्वांत आधी बिगाऱ्याला दिसतो, पण तो गप्प बसतो. "उद्यापासून येऊ नको" असे ऐकावे लागेल, ही भीती त्याला असते. परगावचा, परप्रांतातला मजूर तर तोंडच उघडत नाही. म्हणून मालकाने स्वतः विचारावे, "आज कुठे काही हलतंय का?" आलेली तक्रार वहीत लिहावी, दुरुस्ती होईपर्यंत तेथील काम थांबवावे आणि सांगणाऱ्याचे चारचौघांत कौतुक करावे. वीट डोक्याजवळून गेली पण लागली नाही, तर तीही नोंद करावी. उद्या तीच वीट कपाळावर बसू शकते.

१९९६ च्या कायद्याने १० किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या कामांवर सुरक्षेची जबाबदारी टाकली. पुढे २०२० च्या संहितेत तो कायदा सामावला गेला. मोठ्या कामावर मुकादम ऐकत नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. पण गावातल्या चार-सहा मजुरांच्या कामावर निरीक्षक सहसा येत नाही. तिथे घरमालकानेच निरीक्षक व्हावे.

तरीही अपघात झालाच तर

उंचावरून पडलेल्याला हातापायांना धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मान व पाठ सरळ ठेवून, चार-पाच जणांनी मिळून त्याला फळीवर घ्यावे आणि १०८ ला फोन करावा. शॉक लागलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ओले सिमेंट डोळ्यात गेले तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावा. गंजका खिळा लागला तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

तो गवंडी आज चाकाच्या खुर्चीत आहे. त्याची बायको आता दुसऱ्याच्या बांधकामावर घमेली वाहते. फळी बदलायला अर्धा तास लागला असता. वाचकहो, तुमच्या घराचे काम चालू असेल, तर उद्या सकाळी चहा घेऊन जाल तेव्हा मजुरांना तेवढे एक विचारा : "काही हलतंय का?"