मूळव्याध लिहिण्यापूर्वी



अक्कलकुवा तालुक्यातील आरोग्य केंद्रात रुजू होणाऱ्या तरुण डॉक्टरने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विचार पॉलिपपासून सुरू करावा. आतड्याच्या आतील अस्तरावर उगवणाऱ्या मांसल उंचवट्याला पॉलिप म्हणतात, आणि त्यांपैकी ज्या मुख्य प्रकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो त्याला अॅडिनोमा अशी संज्ञा आहे. मसुरीच्या दाण्याएवढा, म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतचा पॉलिप आढळल्यास रोग्याला धीर द्यावा, कारण एवढ्या लहान पॉलिपमध्ये कर्करोग क्वचितच सापडतो, बहुतेक पॉलिप त्या टोकाला जातच नाहीत आणि जे जातात त्यांना साधारणपणे दहा वर्षे लागतात. या अवधीत दुर्बिणीतून तारेचा फास टाकून अॅडिनोमा काढल्यास पुढचा कर्करोग बऱ्याच अंशी टळतो, हे अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवून दिले.

अमेरिकेत आता ४५ व्या वर्षापासून स्क्रीनिंग, म्हणजे कोणतेही लक्षण नसलेल्यांची तपासणी, सुचवली जाते. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी असून राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची तपासणी होते. म्हणून तालुक्यातल्या मोलगीकडच्या पाड्यांवर सरसकट कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या तपासणीचा, आग्रह धरू नये. मात्र ज्याला लक्षण आहे त्याची तपासणी हे स्क्रीनिंग नसून निदान असते, आणि ते टाळण्याचा अधिकार डॉक्टरला नाही.

येथे चूक दोन ठिकाणी होऊ शकते. शौचातून पडणारे रक्त लालभडक आहे म्हणून त्याला मूळव्याध म्हटले जाते. परंतु गुदाशयाच्या कर्करोगातही तसेच रक्त येते, तो भारतात तरुणांनाही होतो आणि अनेकदा बोटाने तपासताच हाताला लागतो. दुसरी चूक रक्तक्षयाची आहे. सातपुड्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ असल्याने प्रत्येक फिकटपणाचे खापर त्यावर फुटते. पण सिकलसेलच्या केवळ वाहकाला सहसा रक्तक्षय होत नाही, आणि म्हणून वाहक असलेल्या प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन उतरले असेल तर रक्त आतड्यातून झिरपते काय, याचा शोध घ्यावा. विष्ठेतील अदृश्य रक्ताची चाचणी निर्दोष आली तरी लक्षणे असलेल्याला घरी धाडू नये, कारण पॉलिपमधून रक्त रोज येतेच असे नाही.

आईवडील वा भावंडांना हा कर्करोग झालेल्या माणसाची नोंद वेगळी ठेवावी, कारण त्याची तपासणी चाळिसाव्या वर्षी, किंवा नातेवाइकाला रोग झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सुरू व्हावी लागते. पुढील तपासणीसाठी नंदुरबारला पाठवायचा रोगी ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणार असेल, तर त्याची तपासणी निघण्यापूर्वीच व्हावी आणि तो तपासणीला गेला की नाही हे आशाताईंकडून विचारून घ्यावे. चिठ्ठी दिल्याने कर्तव्य संपत नाही.

केसपेपरवर ‘मूळव्याध’ हा शब्द उमटण्यापूर्वी हातात हातमोजा चढलेला असावा, एवढा एक नियम आयुष्यभर पाळावा.