चालणे पुरे, की ताकदीचा व्यायामही हवा?

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना व्यायामाबद्दल विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते: "आम्ही रोज चालतो की!" थंडीत बर्फ पडले तरी मॉलमध्ये फेऱ्या घालणारे पुष्कळ आहेत. ही सवय उत्तम आहे. चालण्याने हृदय व फुप्फुसे बळकट होतात, दम टिकतो. परंतु खुर्चीवरून हात न टेकता उठता येते काय? दुधाची गॅलनची बाटली फ्रीजमधून सहज काढता येते काय? उत्तर 'नाही' असेल तर नुसते चालणे पुरे पडत नाही असे समजावे. न्हाणीघरात दुसऱ्याचा हात धरावा लागू नये, मुलांच्या गळ्यात आपला भार पडू नये, हीच आपणा सर्वांची इच्छा असते.

कोकणात आमच्या आज्या विहिरीचे पाणी शेंदीत, जात्यावर दळीत आणि बाजाराला पायी जात. दम व ताकद ह्या दोहोंचा व्यायाम त्यांना घरकामातच होई. येथे मोटार, लिफ्ट आणि नळाने आपली ती मेहनत वाचवली. चालणे आपण परत सुरू केले, ओझे उचलणे मात्र राहून गेले.

वय वाढते तसे स्नायू झिजतात. त्यांच्यावर हळूहळू भार वाढविला तरच ते पुन्हा बळ धरतात. १९९० साली बोस्टनच्या हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर ह्या ज्यू संस्थेतील वृद्धांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सरासरी नव्वदीच्या दहा जणांनी पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम सुरू केला. नऊ जणांनी तो आठ आठवडे पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली! पण व्यायाम थांबवताच चार आठवड्यांत सुमारे एक तृतीयांश ताकद ओसरली. तेव्हा सातत्य हवे.

दोन्ही व्यायाम एकत्र केल्यास काय होते? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्ती होत्या. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांना वजन कमी करण्याचा आहारही दिला होता. नुसता दमाचा व्यायाम करणाऱ्या गटाचे शारीरिक क्षमतेच्या कसोटीतील गुण १४ टक्क्यांनी वाढले, नुसती वजने उचलणाऱ्यांचेही तितकेच. दोन्ही करणाऱ्यांचे २१ टक्क्यांनी वाढले.

अमेरिकन सरकारची शिफारसही हीच आहे: आठवड्यात १५० मिनिटे झपझप चालणे, निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि वृद्धांसाठी तोल सांभाळण्याचा सराव. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे.

घरी करण्याजोगे काही प्रकार:

१. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठणे-बसणे. प्रथम हातांचा आधार घ्यावा, पुढे तो कमी करावा.

२. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळहातांनी भिंत रेटणे.

३. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलणे. नंतर क्षणभर एका पायावर उभे राहणे.

४. पाण्याच्या लहान बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरापासून वर उचलणे.

हे आठवड्यातून दोनदा करावे व मध्ये एक-दोन दिवस विश्रांती द्यावी. सोपे वाटू लागले की भार थोडा वाढवावा. श्वास रोखून धरू नये. हृदयविकार, रक्तदाब, गुडघ्यांचे वा हाडांचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले वा चक्कर आली तर तत्काळ थांबावे.

घरातील तरुणांनाही आमची विनंती आहे. आईबाबांच्या हातातली प्रत्येक पिशवी प्रेमाने काढून घेऊ नका. झेपेल तेवढे ओझे त्यांना उचलू द्या. त्यातच त्यांचे स्वातंत्र्य आहे.