पोटातले वाटेकरी

लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात मी शिक्षक होतो. माझ्या वर्गातील एक मुलगा दुसऱ्या तासालाच पेंगू लागे. मी त्याला आळशी म्हणत असे व तो मुकाट्याने मान खाली घाली. एके दिवशी आरोग्य केंद्राचे डॉक्टर मुलांना तपासण्यासाठी शाळेत आले. त्यांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. ती पांढुरकी पडली होती. ते म्हणाले, "गुरुजी, हा आळशी नाही. याच्या अंगात रक्त नाही. बहुधा पोटात जंत आहेत." त्या दिवशी मान खाली घालण्याची पाळी माझी होती.

मुलांनो, जंत अनेक जातींचे असतात. गोलकृमीची अंडी अस्वच्छ हातांवाटे व न धुतलेल्या भाजीवाटे पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाची त्वचा भेदून शरीरात शिरते व पुढे आतड्याला चिकटून रक्त शोषते. घास आपण घ्यावा आणि वाटा दुसऱ्याने उचलावा, असा हा प्रकार!

पूर्वी यावर घरोघरी वावडिंग देत. आज अल्बेंडाझोल हे औषध देतात. त्यामुळे जंताला साखर शोषता येत नाही व तो उपासमारीने मरतो. २०१५ साली भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. पहिल्याच वर्षीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. या दिवशी शाळांतून व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी विनामूल्य मिळते. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी व त्याहून लहानांना अर्धी देतात. ती चावून खावी.

परंतु गोळी पोटातील जंत मारते. मातीतील अंडी तशीच राहतात. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते! म्हणून शौचालय, पायांत चपला व जेवणापूर्वी धुतलेले हात यांवाचून औषध अपुरे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा टंचाईतही हात धुण्यापुरते तांब्याभर पाणी राखून ठेवणे हा अपव्यय नव्हे.

जंतांचे औषध व लोहाच्या गोळ्या घेतल्यावर काही महिन्यांनी त्याच मुलाने फळ्यावरचे गणित सर्वांआधी सोडवले. मुलांनो, शेजारी कोणी पेंगत असेल, तर त्याला हसू नका, गुरुजींना सांगा.

स्वाध्याय
१. गुरुजींना मान खाली का घालावी लागली?
२. गोळी घेतल्यावरही स्वच्छता का आवश्यक आहे?
३. 'वाटेकरी' हा शब्द येथे कोणाला व का योजला आहे?