हंगामाचे घर



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात थंड प्रदेशातील लोकजीवनावर बोलणे सुरू होते. एका मुलाने मोबाइलवर पाहिलेली गोष्ट सांगितली. अमेरिकेत कोलोरॅडो नावाच्या राज्यात बर्फाच्या डोंगरावर एक तरुण काम करतो आणि राहतो आपल्या गाडीत. गाडीतच झोपायची फळी, गाडीतच गॅसची शेगडी, खिडकीतून डोंगर दिसतो. वर्गात एकच गलका झाला, "सर, किती मजा!"

मजा आहे की नाही हे ठरवण्याआधी आम्ही मुलांना विचारले, आपल्या तिगावच्या आसपास गाडीवर संसार घालून कामाला फिरणारे कोणी पाहिले आहेत का? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग उत्तरे येऊ लागली. विळे-कुऱ्हाडी करून देणारे गाडीलोहार. उंटांवर खाटा आणि लेकरे बांधून मेंढ्या घेऊन येणारे लोक. शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या घरचेबी जातात सर, कापणीले." त्या तासाला जे शिकवायचे राहिले ते येथे लिहीत आहोत.

आधी तो कोलोरॅडोचा तरुण. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याच्या खेळाला स्की म्हणतात. आपल्या देशात काश्मीरमध्ये गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला तो चालतो. अमेरिकेत त्यासाठी डोंगरावर मोठमोठी हॉटेले आणि पाळणे आहेत. हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पाळणा चालवणारे, तिकीट तपासणारे, स्वयंपाकघरात भांडी घासणारे असे पुष्कळ मजूर एवढ्याच महिन्यांसाठी लागतात. पण त्या गावांतील घरे श्रीमंतांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवलेली असतात आणि उरलेल्यांचे भाडे मजुराच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून काही जण गाडीतच राहतात. तेथे रात्री पारा शून्याच्या खूप खाली जातो. श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते, पिण्याचे पाणी डब्यात गोठते. बर्फ काढणारी यंत्रे फिरायची असतात म्हणून अनेक गावांत रात्री रस्त्यावर गाडी उभी करायलाही मनाई असते. व्हिडिओमध्ये एवढे सगळे दिसत नाही. तरीपण तो तरुण उद्या कंटाळला तर गाडी सुरू करून घरी जाऊ शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामास येईल.

आता नोव्हेंबर ते एप्रिल हेच महिने घ्या आणि आपल्या महाराष्ट्रात या. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊस तोडायला निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याकडे आणि पुढे कर्नाटकात बेळगावपर्यंत. काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात, काही स्वतःच्या किंवा कारखान्याच्या बैलगाडीने. आपण जिला बंडी म्हणतो तीच, पण रबरी चाकांची, म्हणून तिकडे टायरगाडी म्हणतात. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. पहाटे सांगलीकडे परतताना रस्त्याच्या कडेला अशा गाड्यांची रांग लागली होती. उसाच्या मोळ्यांवर घोंगडी पांघरून एक लेकरू झोपले होते आणि बाप बैलांच्या पुढे चालत होता. आमच्या सौभाग्यवतींनी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितले.

गाडीत काय असते? सहा महिन्यांचे धान्य, तवा, कळशी, कोयते, अंथरूण, एखादी शेळी, कोंबड्या, कधी म्हातारी आई. कारखान्याजवळ मोकळ्या रानात तळ पडतो आणि बांबू वाकवून, वर पाचट किंवा ताडपत्री टाकून कोपी उभी राहते. कोपीत माणूस मध्यभागीच काय तो नीट उभा राहू शकतो. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी करते, मग नवरा-बायको दोघेही फडात. या कामाच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात आणि एकट्या माणसाला "अर्धा कोयता". माणसाचे नाव त्याच्या हत्यारावर पडावे, हे आम्हाला वाचताना फार लागले. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, विकून रोजचे तेल-मीठ येते. शेवटी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की सगळे परत गावी.

मजुरी आधीच घेतलेली असते. तिला उचल म्हणतात आणि ती देतो तो मुकादम. येथे गणित वहीत करून पाहा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे 366 रुपये ठरले. समजा एका जोडीने रोज 2 टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून 732 रुपये. समजा उचल 1,00,000 रुपयांची आहे आणि हंगाम 100 दिवस चालला. एक दिवसही आजारपण नाही असे धरा. फिटले किती? 73,200. राहिले 26,800, ते पुढच्या वर्षावर. एखाद्या दिवशी कामावर गेले नाही तर खाडा पडतो, त्याचे पैसे वेगळे कापतात. कोलोरॅडोचा तरुण गाडी सुरू करून घरी जाऊ शकतो असे वर लिहिले. ही जोडी जाऊ शकत नाही.

साखरेचीच आणखी एक गोष्ट मुलांना नवल वाटेल म्हणून सांगतो. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा राज्यांच्या सीमेवर साखर उसापासून नाही, बीट नावाच्या कंदापासून करतात. ऑक्टोबरमध्ये थोडेच आठवडे काढणी चालते. तेव्हा घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन माणसे येतात, त्यांत निवृत्त झालेली वयस्क जोडपीही असतात. पाळी बारा तासांची. कष्ट थोडे नाहीत. पण गाडी उभी करायला जागा, वीज आणि पाणी यांची सोय कारखाना करतो. आमच्या मते आपल्या कारखान्यांनी एवढे तरी शिकण्यासारखे आहे.

आणि तळावरच्या लेकरांचे शिक्षण? त्यांच्यासाठी महाराष्ट्रात कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, त्या सगळीकडे टिकल्या नाहीत. आता गावात राहून शिकता यावे म्हणून वसतिगृहांची योजना आहे. तरी लहानगी आईबरोबर जातातच. बेळगावकडे गेलेल्या मराठी मुलाच्या समोर फळ्यावर कानडी असते. ते काय असते हे आम्ही थोडे जाणतो. घरात मराठी आणि पाटीवर हिंदी अशीच आमची सुरुवात झाली, आणि पहिले वर्षभर आम्ही वर्गात तोंड उघडले नव्हते.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या पांढुर्णा-सौसर भागात संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे तुटतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तोड्याच्या वेळी बाहेरून आलेली कुटुंबे बगीच्यातच पाल टाकून राहतात. आपल्याकडचीही काही कुटुंबे चैतात गहू कापायला नर्मदेकडे जातात. आपल्या मध्यप्रदेशात अशा मजुरांना चैतुआ हा शब्दच आहे. चैताचा महिना म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेचा.

येथे एक चूक कबूल करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेत वर्गशिक्षक होतो. पाचवीतली एक हुशार मुलगी दिवाळीनंतर येईनाशी झाली. आम्ही महिनाभर हजेरीत गैरहजर लिहिले आणि मग लाल शाईने नाव कापले. कोणी सांगितले नव्हते, आम्हीच कापले. फाल्गुनात ती आईबरोबर दाखल्यासाठी आली. आम्ही म्हणालो, नाव नाही तर दाखला कसा, जूनमध्ये या. जूनमध्ये ती आली नाही. पुढे आठवडी बाजारात ती आईजवळ भाजी विकायला बसलेली दिसली. तिने आम्हाला नमस्कार केला.

तेव्हा आम्हाला कोणी अडवणारे नव्हते. आज कायदा आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 5 प्रमाणे मुलाला दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या राज्यातही, जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात आहे. पालकांनी हे आम्हाला बेधडक ऐकवावे.

विश्वस्त मंडळासमोर पुढच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठेवणार आहोत. हंगामाला गेलेल्या मुलाचे नाव कापायचे नाही. जाताना त्याच्याबरोबर पुस्तके, गुणपत्रकाची प्रत आणि कोणता धडा कुठवर झाला याची चिठ्ठी द्यायची. आणि बगीच्यात पाल टाकून राहणाऱ्यांची लेकरे आली तर त्यांना कागद न मागता वर्गात बसू द्यायचे. जागा कमी पडेल, असे एक विश्वस्त म्हणाले. तिसरी आणि चौथीच्या खोल्यांत दोन-दोन बाक मावतात, आम्ही स्वतः मोजून पाहिले आहे.

जे पालक या हंगामाला बाहेर जाणार आहेत त्यांनी निघण्याच्या आठ दिवस आधी कार्यालयात सांगावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी चालेल, अर्ज आमचे लिपिक लिहून देतील. पुस्तकांचे गठ्ठे बांधायला आठवीच्या मुलांनी स्वतःहून नावे दिली आहेत.