उत्सर्जन कपातीचा न्याय्य वाटा

कोणत्याही देशातील धुराड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड अखेर साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो आणि त्याचा काही अंश शेकडो वर्षे तेथेच राहतो. या अर्थाने वातावरण हे सर्व राष्ट्रांचे संयुक्त खाते होय. त्यातून आजवर कोणी किती उचल केली आणि यापुढे काटकसर कोणी किती करावयाची, हा हवामानविषयक वाटाघाटींतील मूळ प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मोजमापावर अवलंबून असते. वार्षिक उत्सर्जनात चीन, अमेरिका आणि भारत हे अनुक्रमे पहिले तीन देश आहेत. मात्र दरडोई हिशेब मांडल्यास अमेरिकेचा आकडा सुमारे १४ टन, चीनचा सुमारे ८ टन, तर भारताचा अवघा २ टनांच्या आसपास येतो. औद्योगिक क्रांतीपासूनच्या खनिज इंधनांच्या उत्सर्जनाची बेरीज केली, तर अमेरिकेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश भरतो. जगातील सहाव्या हिश्शाहून अधिक लोकसंख्या असलेल्या भारताचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी आहे.

अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा भेद ठळकपणे मांडला. भातशेतीतून वा गुराढोरांपासून होणारे, उपजीविकेशी निगडित उत्सर्जन आणि चैनीच्या मोटारींचे उत्सर्जन एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९२ च्या रिओ येथील वसुंधरा परिषदेत स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या हवामान करारात 'समान, परंतु भिन्न जबाबदारी' हे तत्त्व समाविष्ट झाले. त्यानुसार १९९७ च्या क्योटो कराराने कपातीचे बंधन केवळ विकसित देशांवर घातले. अमेरिकेने त्यास मान्यता दिली नाही. पुढे २०१५ च्या पॅरिस कराराने प्रत्येक देशाला आपले उद्दिष्ट स्वतःच ठरविण्याची मुभा दिली. सहभाग वाढला, पण वाटा न्याय्य आहे की नाही, हे ठरविणारी सर्वमान्य फूटपट्टी मात्र मिळाली नाही.

विकसित देशांचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. पूर्वजांना परिणामांची कल्पना नव्हती आणि भावी वाढ प्रामुख्याने विकसनशील देशांतच होईल, असे ते म्हणतात. तथापि त्या उत्सर्जनातून उभी राहिलेली संपत्ती आजच्या पिढीच्याच हाती आहे. वारसा स्वीकारणाऱ्याने त्यावरील देणेही स्वीकारावे, हा व्यवहाराचा साधा नियम होय.

म्हणूनच अर्थसाहाय्य हा न्यायाचा गाभा ठरतो. २००९ मध्ये कोपनहेगन येथे २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभारण्याचे आश्वासन देण्यात आले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ते प्रथम २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यातील सार्वजनिक निधीचा मोठा भाग कर्जरूपाने होता. ज्याने हानी केली नाही, त्यानेच तिच्या निवारणासाठी व्याज भरावे, हा विरोधाभास येथे उघड होतो. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. भारताने ते अपुरे असल्याचे तेथेच स्पष्ट केले.

न्यायाची ही कसोटी देशांतर्गतही लागू पडते. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. ते गाठताना कोळसा खाणींवर पोट असलेल्या झारखंडमधील वा चंद्रपूरमधील मजुराला पर्यायी रोजगार मिळणार की नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. देशाचा सरासरी आकडा लहान असला, तरी संपन्न कुटुंबांचा वीज-इंधनाचा वापर लहान नसतो. जगाकडे न्याय मागणाऱ्या राष्ट्राने घरातील वाटपही न्याय्य ठेवले, तरच त्याच्या मागणीला नैतिक बळ लाभेल.