माळावरचे गाव

सोलापुरातील नवी पेठ ही गजबजलेली बाजारपेठ आहे. संसाराला लागणारी बहुतेक वस्तू तेथे चार पावलांच्या आत मिळते. शहरात वाढणाऱ्या मुलाला यात काही विशेष वाटत नाही. दुकाने, शाळा, दवाखाना, टपालकचेरी ही जणू पहिल्यापासून तेथेच होती, अशी त्याची समजूत असते. परंतु सुखसोयी पावसाळ्यातील गवताप्रमाणे आपोआप उगवत नाहीत. 1877 च्या सुमारास सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि गावोगावची माणसे कामासाठी शहरात येऊ लागली. जेथे काम तेथे वस्ती आणि जेथे वस्ती तेथे सोयी, असाच सामान्यतः क्रम असतो.

मग लहान गावांनी काय करावे? काम आणि सोयी यांसाठी प्रत्येकाने आपले गाव सोडून शहराची वाट धरावी काय? या प्रश्नाला आजच्या सांगली जिल्ह्यातील एका लहानशा वसाहतीने कृतीने उत्तर दिले. ती वसाहत म्हणजे किर्लोस्करवाडी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली झाला. बेळगावात त्यांनी प्रथम सायकलींचे दुकान काढले. पुढे ते शेतीची अवजारे बनवू लागले. त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. एवढ्यात बेळगावची जागा सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. अशा अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला धावले. कुंडल रोड स्टेशनाजवळची सुमारे 32 एकर जमीन त्यांनी कारखान्यासाठी देऊ केली.

जमीन मिळाली खरी. पण ती कशी होती? जिकडे पाहावे तिकडे ओसाड माळ, वाढलेला निवडुंग आणि त्यात नागसापांचा सुळसुळाट! 1910 साली लक्ष्मणराव पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन या माळावर आले. त्यांना आयते असे काहीच मिळाले नाही. निवडुंग तोडावा, जमीन साफ करावी, राहण्यापुरता निवारा उभारावा आणि मग कारखान्याचे काम करावे, असा त्यांचा संसार सुरू झाला. लक्ष्मणरावांचे वडील बंधू रामुअण्णा यांनी वसाहतीच्या व्यवस्थेकडे लक्ष दिले. हळूहळू माळावर घरे उठली, झाडे वाढली. पुढे शाळा आली, दवाखाना आला, टपालकचेरी आली. ज्या स्टेशनाला कुंडल रोड म्हणत, त्याचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

कामगारांसाठी गाव वसवण्याची ही कल्पना जगाला अगदीच नवी नव्हती. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्क नावाचे एक लहानसे गिरणीगाव आहे. 1800 साली रॉबर्ट ओवेन याने तेथील गिरण्यांचा कारभार हाती घेतला. त्या काळी कोवळी मुले गिरणीत राबत असत. ओवेनने दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याचे बंद केले आणि त्यांना शाळेत धाडले. 1816 साली त्याने तेथे शिक्षणासाठी एक नवी वास्तू उघडली. तीत अगदी लहानग्यांचीही शाळा भरे. गावच्या दुकानात चांगला माल वाजवी दरात मिळे आणि रस्ते स्वच्छ ठेवले जात. कामगाराला सुखाने जगू दिले, म्हणजे धंदा बुडत नाही, हे त्या गावाने दाखवून दिले.

किर्लोस्करवाडीत सोयींच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. ती म्हणजे माणसावरील विश्वास. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना सहसा कोणी दारात उभे करत नाही. लक्ष्मणरावांनी अशा माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्यापासून गावाने दारे लावून घ्यावी, त्यांच्याच हाती गावाची राखण सोपवली! अस्पृश्यतेलाही त्यांनी वाडीत थारा दिला नाही. घरे आणि रस्ते पैशाने बांधता येतात. परंतु शेजाऱ्याला शेजारी मानणे, ही सोय कोठल्याही बाजारात विकत मिळत नाही. याच आडवळणाच्या वाडीतून 1920 साली एक मासिक निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक होते. पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने ते महाराष्ट्रभर घरोघरी वाचले गेले.

अशा गावांना एक उणीवही असते. सारे गाव एकाच कारखान्याच्या आधाराने उभे असते. तो आधार सुटला, तर गावाचे काय होणार? न्यू लॅनार्कच्या गिरण्या 1968 साली बंद पडल्या. गाव मोडकळीस आले होते. पण ते पडू द्यायचे नाही, असे लोकांनी ठरवले. जुनी घरे दुरुस्त झाली, त्यांत पुन्हा माणसे राहू लागली आणि 2001 साली गावाची गणना जागतिक वारशात झाली. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. लक्ष्मणराव 1956 साली निवर्तले. त्यांनी वसवलेले गाव मात्र नांदते आहे.

सोयी उभारणारा एखादा पुरुष असतो. त्या टिकवण्यासाठी मात्र सारा गाव लागतो. आपल्या गल्लीतील दिवा, विहीर, शाळा आणि झाड ही कोणाच्या तरी श्रमाची ठेव आहे, हे ज्याने ओळखले, त्याच्या हातून ती ठेव उणी होणार नाही.

अभ्यास

1. लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी का कचरत होते?
2. किर्लोस्करवाडी आणि न्यू लॅनार्क यांतील साम्य कोणते?
3. तुमच्या गावातील किंवा पेठेतील एखादी जुनी सोय कोणी व कशी उभारली, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.