गाठी असलेलं हरीण खावं का?

(वाचन स्तर ४. आधी एकदा मनात वाचा, मग मोठ्याने. ठळक वाटणारे नवे शब्द वहीत लिहून ठेवा.)

नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या बऱ्याच लहान गावांत केशरी जॅकेट घातलेली माणसं दिसू लागतात. हा हरणांच्या शिकारीचा हंगाम. पेनसिल्व्हेनियातल्या काही शाळांना थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुट्टी असते, ती प्रथा या शिकारीमुळेच पडली. तुमच्या वर्गातलं कुणीतरी आपल्या आजोबांबरोबर जातही असेल. आपल्या घरी मात्र हा विषय फारसा निघत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आई-बाबांना हे सगळं जरा विचित्रच वाटतं. इथे ती कायदेशीर आहे, पण नियम कडक आहेत. परवाना लागतो, प्रत्येक हरणासाठी टॅग लागतो, आणि अनेक राज्यांत खाण्याजोगं मांस जंगलात टाकून देणं हाही गुन्हा आहे.

आता समजा, एका शिकाऱ्याने नर हरीण मारलं. जवळ जाऊन पाहतो तर मानेवर आणि डोळ्याजवळ काळपट, केस नसलेल्या गाठी. काही वाटाण्याएवढ्या, एक तर लिंबाएवढी. बघूनच किळस येते. त्याने काय करावं? हे मटण घरी न्यावं, मुलांना खायला द्यावं, की सोडून द्यावं?

आधी या गाठी म्हणजे काय ते पाहू. त्यांना फायब्रोमा म्हणतात. माणसाला चामखीळ होते ना, त्यातलाच हा प्रकार. दोन्हींमागे पॅपिलोमा नावाच्या विषाणूंचं कुटुंब असतं, पण माणसाचा विषाणू वेगळा आणि हरणाचा वेगळा. मी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणून मला हे असं समजतं: एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला व्हायरस दुसऱ्या सिस्टिमवर चालत नाही. हरणाचा हा विषाणू हरणातच चालतो. माणसाला, कुत्र्याला किंवा गाईला तो लागत नाही. हरणांमध्ये तो डास-माश्यांसारख्या चावणाऱ्या कीटकांमुळे पसरतो, किंवा हरणं ज्या झाडाझुडपांवर अंग घासतात तिथून जखमेवाटे शिरतो.

रिचर्ड शोप नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवलं, की काही रानटी सशांच्या डोक्यावर शिंगांसारखं जे उगवतं, तेही अशाच एका विषाणूमुळे. 'जॅकालोप' या शिंगवाल्या सशाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. त्यांच्यामागे असे आजारी ससे असावेत असं बऱ्याच जणांना वाटतं. याच शोपने पुढे १९५० च्या दशकात हरणांच्या गाठींचाही अभ्यास केला.

या गाठी कातडीत असतात, खालच्या मांसात नाही. शिकारी कातडं सोलतो तेव्हा गाठी कातड्याबरोबरच निघून जातात आणि खालचं मांस स्वच्छ दिसतं. त्यामुळे साध्या फायब्रोमाचं हरीण खायला हरकत नाही, असंच वन्यजीव खाती सांगतात. आणि मला ते पटतं. एक जीव मारलाच आहे, तर केवळ दिसायला वाईट म्हणून तो वाया घालवणं बरोबर नाही. पण गाठ फुटली असेल, त्यातून पू येत असेल, घाण वास येत असेल, तर तिथे जिवाणू शिरलेले असतात. तसं मांस खायचं नाही. हरीण अगदी हडकुळं असेल तरीही नाही. सोलताना हातमोजे घालायचे, हे तर प्रत्येक हरणासाठी.

मारण्याआधीच गाठी दिसल्या तर? बहुतेक हरणांच्या गाठी काही महिन्यांनी आपोआप झडतात. तेव्हा "रोग पसरू नये म्हणून मारलं" या म्हणण्यात फार दम नाही. कीटक काही संपत नाहीत. गाठींमुळे हरणाला दिसत नसेल किंवा चरता येत नसेल, तर गोष्ट वेगळी.

बाहेरच्या गाठींना घाबरणारा माणूस कधी कधी आतल्या गाठींकडे मात्र बघत नाही. मिशिगनच्या काही भागांत हरणांना क्षयरोग होतो. त्यात फासळ्यांच्या आतल्या बाजूला किंवा फुप्फुसांवर पिवळट गाठी दिसतात. बाहेरून हरीण छान दिसतं. अशा वेळी मांस बाजूला ठेवून वन्यजीव खात्याला कळवायचं असतं.

आणि एक आजार तर असा, की त्यात आत-बाहेर कुठेच गाठ नसते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हे त्याचं नाव. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला आणि आता अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांत आहे. तो विषाणूमुळे होत नाही, तर प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. शेवटी हरीण वाळतं, लाळ गाळतं, माणसाला घाबरेनासं होतं. पण त्याआधी कित्येक महिने ते धडधाकट दिसतं. मांस कितीही शिजवलं तरी प्रायॉन मरत नाही. माणसाला हा आजार झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी जिथे तो आहे तिथे हरणाची तपासणी करून घ्या आणि रोग निघाला तर मांस खाऊ नका, असा सीडीसीचा सल्ला आहे. त्यासाठी हरणाचं डोकं ठरलेल्या ठिकाणी द्यायचं आणि निकाल येईपर्यंत मटण नाव-तारीख लिहून फ्रीजरमध्ये वेगळं ठेवायचं.

म्हणजे गाठीवालं हरीण टाकून देणारा आणि देखण्या हरणाची तपासणी न करणारा शिकारी एकच असू शकतो! मराठीत 'किळस' आणि 'धोका' हे दोन वेगळे शब्द आहेत. किळस आली म्हणून कुणी खाल्लं नाही तर त्यात काही चूक नाही. फक्त "ते विषारी होतं" असं सांगू नये.

शब्दार्थ
किळस – घाण बघून नकोसं वाटणं
चामखीळ – कातडीवर उगवणारी छोटी गाठ
पू – पिकलेल्या जखमेतून येणारा पिवळट द्रव
हडकुळं – हाडं दिसतील इतकं बारीक
धडधाकट – निरोगी, मजबूत

बोला आणि लिहा
१. फायब्रोमाच्या गाठी मांसात नसतात, हे शिकाऱ्याला कधी कळतं?
२. 'विषाणू', 'जिवाणू' आणि 'प्रायॉन' हे शब्द पाठात कुठे आले आहेत? प्रत्येकाचं एक वाक्य तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या मित्राच्या घरी जेवायला हरणाचं मटण आहे. ते कुठल्या भागातलं, तपासलेलं आहे का, हे काकूंना नम्रपणे कसं विचाराल? चार वाक्यांचा संवाद लिहा.